ढेकूळ, दस्तऐवज आणि नोंद

माझ्या एका जुन्या विद्यार्थ्याचें इंग्लंडांतून नुकतेंच पत्र आलें. नोकरीनिमित्त तो तेथें कांहीं वर्षें राहत असून, लंडनजवळ एक लहानसें घर विकत घेण्याच्या खटपटींत होता. किंमत ठरली. 'घर तुम्हांसच देतों,' असा मालकानें शब्द दिला. यानें वकील नेमला, घराची तपासणी करविली, त्यापायीं बराच पैसा खर्चीं पडला. आणि दहा आठवड्यांनीं मालकानें दुसऱ्या गिऱ्हाइकाची वाढीव किंमत पत्करून घर त्याच्या पदरांत टाकलें. यांत बेकायदेशीर असें कांहींच घडलें नाहीं, असें वकिलानें शांतपणें सांगितलें. "सर, इंग्रज शब्दास जागणारे, असें आपण आम्हांस वर्गांत सांगत असां, मग हा कोणता कायदा?" असा त्याचा मला प्रश्न आहे.

या प्रश्नाचें उत्तर इंग्लंडच्या इतिहासांत शोधावें लागतें. अमुक घर अमक्याचें, याची साक्ष कोणीं द्यावयाची? इंग्लंडांत या प्रश्नाचीं आजवर तीन उत्तरें झालीं. प्रथम ही साक्ष शेजारीपाजारी देत. मग ती कागद देऊं लागले. आणि आज ती सरकारी नोंदवही देते. साक्षीदार बदलत गेला तसतशी मालकी बळकट झाली खरी. परंतु नुसत्या शब्दाचें वजन त्याबरोबर कमी होत गेलें, असें मला वाटतें.

मध्ययुगीन इंग्लंडांत घर किंवा जमीन विकावयाची म्हणजे खरेदीखत लिहावयाचें असें नव्हे. विकणारा व घेणारा दोघेहि प्रत्यक्ष त्या जागेवर जात. शेजारी गोळा होत. विकणारा तेथील मातीचें ढेकूळ किंवा झाडाची डहाळी उचलून घेणाराच्या हातांत देई. घर असेल तर दाराची कडी त्याच्या हातीं देई, आणि आपण बाहेर पडे. आपल्याकडे दान देतांना हातावर उदक सोडीत, त्याच जातीचा हा विधि. मालकी बदले ती त्या क्षणीं. सनद लिहिली तरी ती घडलेल्या गोष्टीचें स्मरण राहावें एवढ्यापुरती. १२९० सालीं पहिल्या एडवर्डच्या कारकीर्दींत झालेल्या कायद्यानें स्वतंत्र जमीनधारकांस वरिष्ठ सरदाराच्या परवानगीवांचून आपली जमीन विकण्याची मोकळीक मिळाली, तेव्हां अशा व्यवहारांची वाट सुकर झाली. या पद्धतींत 'मला ठाऊक नव्हतें' असें म्हणण्याची सोय गांवांत फारशी कोणास नव्हती. आणि ढेकूळ एकदां हातीं पडलें कीं मागें फिरण्याचीहि नव्हती.

परंतु जी गोष्ट गांवास कळते ती सावकारासहि कळते आणि राजासहि कळते. मोठ्या जमीनदार घराण्यांस हें नको होतें. विश्वस्तांच्या आड राहून राजाचें देणें चुकविण्याची त्यांची वाट बुजविण्यासाठीं आठव्या हेन्रीनें १५३५ सालीं कायदा केला. आणि त्याच्याच जोडीच्या दुसऱ्या कायद्यानें, कागदावर झालेली कायम मालकीची विक्री सहा महिन्यांचे आंत सरकारदप्तरीं नोंदलीच पाहिजे, असें ठरविलें. ही सक्ति मुदतीच्या भाडेपट्ट्यास मात्र लागू नव्हती. वकिलांनीं नेमकी तीच फट हेरली. आज घेणाराच्या नांवें एक वर्षाचा पट्टा करावयाचा, आणि उद्यां दुसऱ्या कागदानें उरलेला सर्व हक्क त्या पट्टेदारास सोडून द्यावयाचा! पट्टेदार कायद्याच्या दृष्टीनें आधींच ताब्यांत. म्हणून ढेकूळहि नको आणि नोंदहि नको. १६२० सालीं न्यायालयानें ही युक्ति ग्राह्य धरली, आणि पुढें दोनशें वर्षांहून अधिक काळ इंग्लंडांतील स्थावराचे व्यवहार मुख्यतः या जोडकागदांवर चालले. १८४१ च्या कायद्यानें दोहोंपैकीं एक कागद पुरेसा ठरविला, तेव्हां कोठें या नाटकाचा शेवट झाला.

अशा रीतीनें मालकीची साक्ष चव्हाट्यावरून उठून पेटींत जाऊन बसली. या गुप्ततेची किंमत प्रत्येक खरेदीदारास मोजावी लागली. विकणारा खरा मालक कशावरून? तर त्यास तें घर ज्यानें विकलें तो मालक होता म्हणून. आणि तो मालक कशावरून? अशी साठ वर्षांची कागदांची सांखळी वकील कडी-कडीनें तपाशी. १८७४ सालीं ही मुदत चाळीस वर्षांवर आली, १९२५ सालीं तीस वर्षांवर व १९६९ सालीं पंधरा वर्षांवर. तेंच घर पांच वर्षांनीं पुन्हां विकलें तर तीच तपासणी पुन्हां पहिल्यापासून! एखादें गहाणखत कोणीं दडविलें तर सगळा डाव उधळे. त्यांतच १८०४ च्या कायद्यानें मोबदला घेऊन असले दस्त लिहिण्याचा हक्क वकीलवर्गापुरताच ठेविलेला. आणि १८८१ पर्यंत त्यांचा मेहनताना बहुतांशीं दस्ताच्या लांबीवर ठरे. जेथें शब्दागणिक पैसा मिळतो, तेथें शब्द वाढावयाचेच. ही मक्तेदारी मोडावयास १९८५ साल उजाडावें लागलें; त्या वर्षींच्या कायद्यानें परवानाधारक दस्तलेखकांचा एक निराळा वर्ग निर्माण केला.

यावर उपाय सुचला तो दूर वसाहतींत. दक्षिण ऑस्ट्रेलियांत जकातखात्यांत अधिकारी असलेल्या रॉबर्ट टॉरेन्स यानें १८५८ सालीं अशी व्यवस्था अंमलांत आणविली कीं, दस्त नोंदून न थांबता खुद्द मालकीच नोंदावयाची, आणि त्या नोंदीस सरकारनें हमी द्यावयाची. हा भेद आपण नीट ध्यानांत घेतला पाहिजे. आपल्याकडे रजिस्ट्रारच्या कचेरींत खरेदीखत नोंदलें जातें, तेवढ्यानें विकणाराची मालकी खरी ठरत नाहीं. अमुक कागद झाला, एवढेंच त्यावरून सिद्ध होतें. यॉर्कशरच्या पश्चिम भागांत १७०४ सालीं व मिडलसेक्समध्यें १७०८ सालीं ज्या नोंदकचेऱ्या निघाल्या, त्या याच प्रकारच्या होत्या.

खुद्द इंग्लंडांत लॉर्ड वेस्टबरी यानें १८६२ सालीं मालकीनोंदीचा कायदा करविला. परंतु नोंद ऐच्छिक होती आणि तिच्या अटी कडक होत्या. फारसें कोणी फिरकलें नाहीं. १८७५ च्या दुसऱ्या कायद्याची तीच गत झाली. १८९७ च्या कायद्यानें सक्तीचा पाया घातला, व तिचा आरंभ लंडनपासून झाला. वकीलमंडळींचा विरोध होताच. १९२५ सालीं स्थावराच्या कायद्याची मुळापासून फेररचना होऊन ती १ जानेवारी १९२६ पासून अमलांत आली, आणि ढेकूळ देण्याच्या विधीस कायद्यानें कायमची मूठमाती मिळाली. तरी घर विकलें कीं मालकीची नोंद झालीच पाहिजे, हा नियम सगळ्या इंग्लंड-वेल्सला लागू व्हावयास १ डिसेंबर १९९० हा दिवस यावा लागला. त्याच महिन्यांत आणखी एक मोठी गोष्ट घडली. तोंपर्यंत मालकाच्या संमतीवांचून कोणास पाहतां येत नसलेली ही नोंदवही सर्वांस खुली झाली. आठव्या हेन्रीपासून लपविलेली गोष्ट साडेचारशें वर्षांनीं पुन्हां शेजाऱ्यापाजाऱ्यांच्या दृष्टीस पडली!

आतां माझ्या विद्यार्थ्याच्या गाऱ्हाण्याकडे वळूं. घर कोणाचें, हें ही नोंदवही बिनचूक सांगते. तें कोणास देण्याचें ठरलें आहे, हें मात्र ती सांगत नाहीं. किंमत ठरते ती 'करार होईल तर' या अटीवर. जो घेणार त्यानेंच डोळे उघडे ठेवावे, हें तेथील जुनें तत्त्व आजहि बरेंच जिवंत आहे; म्हणून घेणाराचा वकील नोंदीचा उतारा पाहतो, स्थानिक कौन्सिलकडे रस्ते व बांधकामाचे निर्बंध यांची चौकशी करतो, विकणारास लेखी प्रश्न विचारतो; कर्ज देणारी पेढी घराची किंमत पडताळते. हें सारें पुरें झाल्यावर दोन्हीं पक्ष सह्या केलेल्या कराराच्या प्रतींची अदलाबदल करतात, व घेणारा बहुधा दहा टक्के विसार भरतो. दोघेहि बांधले जातात ते येथें, त्यापूर्वीं नव्हे. स्थावराचा करार लेखी व सहीचाच हवा, असें १९८९ च्या कायद्यानें सांगितलेलेंच आहे. पुढें ठरल्या दिवशीं उरलेली रक्कम जाते, किल्ल्या येतात; आणि कायदेशीर मालकी लाभते ती नोंद झाल्यावरच.

म्हणजे ढेकळाच्या काळीं जो व्यवहार एका क्षणीं पुरा होई, त्याचे आज तुकडे पडले आहेत, आणि पहिल्या दोन तुकड्यांमध्यें कित्येक आठवड्यांची मोकळी जागा आहे. तेथें कायद्याचें राज्य नाहीं. माणसाच्या सचोटीचेंच काय तें आहे. ही मोकळीक घेणारासहि असते, हें विसरूं नये: भिंतीस ओल सांपडली तर तोहि एक पै न देतां मागें फिरूं शकतो, आणि शेवटच्या घटकेस किंमत पाडून मागणारे महाभागहि असतात. ही फट अरुंद करावी म्हणून, विक्रीस काढतांनाच मालकानें घराची माहिती व कागद जमवून ठेवावे, अशी सक्ति २००७ सालीं करण्यांत आली. तिच्या खर्चाविषयीं ओरड झाली, आणि २०१० सालीं ती उठविण्यांत आली. माझ्या मतें खर्चाची तक्रार खरी असली, तरी कल्पना टाकाऊ नव्हती.

विद्यार्थ्यास मीं लिहिलें आहे तें असें: "तुमच्या वकिलाचें म्हणणें बरोबर आहे आणि तुमचा रागहि बरोबर आहे. वर्गांत मीं जें सांगितलें त्यांत एवढी दुरुस्ती करून घ्या कीं, इंग्रजांचा कायदा सहीस जागतो. शब्दास जागणें त्यानें ज्याच्या त्याच्यावर सोडलें आहे. पुढचें घर पाहाल तेव्हां किंमत बोलण्यापूर्वीं एवढेंच विचारा: आपले कागद तयार आहेत काय, आणि करारावर सही कोणत्या आठवड्यांत करूं शकाल? जो या प्रश्नाचें सरळ उत्तर देईल, त्याच्या घरासाठीं दोन पैसे अधिक पडले तरी ते द्यावे."