दोरीच्या टोकाला उपग्रह

अंतराळात वजनच जाणवत नाही, तर दोन यानांना जोडणारी दोरी ताठ कशी राहते? पृथ्वीकडील टोकावर गुरुत्वाकर्षण किंचित अधिक असते, वरच्या टोकावर केंद्रोत्सारी बल अधिक. हा फरक अल्प असला तरी लांबच लांब दोरीला उभी ताणून धरण्यास पुरेसा ठरतो.

इटलीचे शास्त्रज्ञ जुझेप्पे कोलंबो यांनी पुरस्कारलेली ही कल्पना 'नासा' आणि इटालियन अवकाश संस्थेने दोनदा आजमावली. १९९२ मध्ये 'अटलांटिस'मधून सोडलेला उपग्रह जेमतेम २५६ मीटर वर गेला. एका बोल्टाने रिळाची यंत्रणा अडवली! फेब्रुवारी १९९६ मध्ये 'कोलंबिया'तून मात्र अवघी अडीच मिलिमीटर जाडीची दोरी १९.७ किलोमीटरपर्यंत उलगडली आणि तुटली.

धास्ती होती ती वेगळ्याच गोष्टीची. अशी दोरी लंबकासारखी झुलते आणि आत गुंडाळताना ती आखूड होऊ लागली की झोका वाढत जातो. परतीची ही वेळ आलीच नाही. पृथ्वीचे चुंबकीय क्षेत्र छेदत जाणाऱ्या दोरीतील तांब्याच्या तारेत सुमारे ३५०० व्होल्टचा दाब निर्माण झाला होता. विद्युतरोधक आवरण सदोष झालेल्या जागी ठिणगी पडून दोरी जळाली. तोपर्यंत मोजलेला विद्युतप्रवाह मात्र भाकितापेक्षा बराच अधिक भरला, हे प्रयोगाचे खरे फलित.

सुटलेला उपग्रह खाली आला नाही. त्या उंचीवरील कक्षेला लागतो त्याहून अधिक वेग दोरीने त्याला दिलेला असल्याने तो आणखी वरच्या कक्षेत फेकला गेला.