विमान-देखभाल प्रशिक्षण संस्था : गुणवत्ता व सुरक्षितता

विमानांची तपासणी व दुरुस्ती करून ती उड्डाणयोग्य असल्याचे प्रमाणित करणारे तंत्रज्ञ घडवणाऱ्या संस्थांमधील गुणवत्ता-व्यवस्था. भारतात नागरी विमान वाहतूक महासंचालनालय (डीजीसीए) या संस्थांना सीएआर-१४७ या नियमावलीखाली मान्यता देते. अभियंत्याचा परवाना सीएआर-६६ खाली मिळतो. दोन्ही नियमावल्या युरोपीय नियमांच्या धर्तीवर आहेत.

रचना : पैसा व साधने यांची जबाबदारी जबाबदार व्यवस्थापकाची. गुणवत्ता व्यवस्थापकाला त्याच्याकडे थेट जाता आले पाहिजे. शिकवणाऱ्या विभागाने स्वतःचेच ऑडिट करू नये. युरोपीय मांडणीत १२ महिन्यांत सर्व बाबींचे ऑडिट, वर्गात कमाल २८ विद्यार्थी, प्रात्यक्षिकाला एका प्रशिक्षकामागे १५. उत्तीर्णतेस ७५ टक्के.

प्रात्यक्षिक : टर्बाइन विमानांच्या बी१.१ या परवाना-गटाच्या अभ्यासक्रमाचे किमान २,४०० तास. त्यांतले ४० ते ५० टक्के प्रात्यक्षिकाचे. संस्थेची खरी पारख येथेच होते. लॉकिंग वायर (बोल्ट सैल होऊ नये म्हणून बांधायची तार) कोणत्या दिशेने ओढायची, हे बहुपर्यायी प्रश्नातून कळते. ती बांधता येते का, हे कळत नाही. म्हणून ऑडिटरने विद्यार्थ्याचे लॉगबुक, हजेरीपट आणि टूल रूमची देवघेव-वही शेजारी ठेवून वाचावी. ज्या दिवशी टॉर्क रेंच खोलीबाहेर गेलाच नाही, त्या दिवशीचे टॉर्किंगचे प्रात्यक्षिक ग्राह्य धरू नये. रेंच, मल्टिमीटर व प्रेशर गेज यांचे कॅलिब्रेशन मुदतीत हवे. टूल रूममधील फळीवर प्रत्येक हत्याराची आकृती रंगवलेली असते. एक पाना कमी असला तरी लगेच दिसतो. तो सापडेपर्यंत विमानाचे पॅनेल बंद करायचे नाही. शाळेतले विमान बहुधा पुन्हा उडणार नसते, त्यामुळे ही शिस्त तेथेच ढिली पडते, आणि ढिली सवय पुढे हँगरमध्ये जाते.

सुरक्षितता : शिकतानाचे धोके म्हणजे फिरता प्रोपेलर, टायरमधील दाब, हायड्रॉलिक तेल, बॅटरीतील आम्ल. मानवी घटक हा अभ्यासक्रमाचा नववा विषय. आंतरराष्ट्रीय नागरी विमान वाहतूक संघटनेचे परिशिष्ट १९ नोव्हेंबर २०१३पासून लागू आहे. मात्र सुरक्षा व्यवस्थापन प्रणालीची त्यातील अट उड्डाणातील जोखमीशी थेट संबंध येणाऱ्या प्रशिक्षण संस्थांपुरती आहे. देखभाल-शाळा तिच्यात कितपत मोडतात, हे अर्थ लावण्यावर अवलंबून राहते.

महाराष्ट्र : जुहूचा बॉम्बे फ्लाइंग क्लब १९२८चा, तेथे वैमानिकांबरोबर देखभाल अभियंत्यांचेही प्रशिक्षण होत आले. नागपूरच्या आयटीआयमध्ये दासो कंपनीच्या सहकार्याने विमान-सांगाडा व उपकरणे जोडणाऱ्या फिटरचा अभ्यासक्रम २०१९मध्ये सुरू झाला.

सोलापूर : होटगी रस्त्यावरील विमानतळावरून ९ जून २०२५ रोजी गोव्याची सेवा सुरू झाली, विमान एटीआर ७२, म्हणजे टर्बाइनचे, वर सांगितलेल्या बी१.१ गटातले.