संगीत नाटक मंडळी : पडद्यामागचा कारभार

संगीत नाटक मंडळी म्हणजे पदांनी गुंफलेली नाटके घेऊन गावोगाव मुक्काम करणारी मराठी व्यावसायिक संस्था. ऑपेराशी तिची तुलना वारंवार होते. गाण्यापुरती ती चालेलही, पण कारभारात दोन्हींची जात वेगळी. उन्हाळी ऑपेरा कंपनी हंगामापुरते कलावंत जमवते आणि हंगाम सरला की त्यांना मोकळे करते. मंडळी मात्र बाराही महिने एका छपराखाली राहत असे. तिचे वैभव आणि तिचा ऱ्हास, दोन्ही या एकत्र राहण्यातून समजून घ्यावे लागतात.

विष्णुदास भावे यांनी १८४३ साली सांगलीत नाटक उभे केले ते तिथले संस्थानिक अप्पासाहेब पटवर्धन यांच्या आश्रयाने. अप्पासाहेबांच्या निधनानंतर (१८५१) तो आधार सुटला आणि भाव्यांना दौऱ्यावर निघावे लागले. पोटासाठी फिरण्याची ही रीत पुढे सर्वांनी उचलली. अण्णासाहेब किर्लोस्कर रेव्हेन्यू कमिशनरच्या कचेरीत नोकरीला होते. त्यांच्या ‘संगीत शाकुंतल’चे पहिले चार अंक ३१ ऑक्टोबर १८८० रोजी पुण्याच्या आनंदोद्भव थिएटरात झाले आणि किर्लोस्कर नाटक मंडळीचा पाया घातला गेला. पुढे ललितकलादर्श (१९०८, हुबळी), गंधर्व नाटक मंडळी (१९१३), बळवंत संगीत मंडळी (१९१८) अशा संस्था निघाल्या. केशवराव भोसले, बालगंधर्व, दीनानाथ मंगेशकर ही नावे त्यांतूनच घराघरांत पोचली.

मंडळीच्या मुक्कामाच्या जागेला ‘बिऱ्हाड’ म्हणत. तिथे मालक, नट, साथीदार, आचारी, कपडेपट सांभाळणारे, पडदे ओढणारे, गडी आणि शिकाऊ मुले असा मोठा गोतावळा नांदे. मोठ्या शहरांत प्रयोग बहुधा बुधवार, शनिवार आणि रविवारी होत, पंगत मात्र रोज बसे. तिकिटांचा गल्ला तीन रात्रींचा आणि खर्च सात दिवसांचा, हे गणित सांभाळणारा व्यवस्थापक नायकाइतकाच मोलाचा होता. किर्लोस्कर मंडळीचे शंकर बापूजी मुजुमदार हे त्याचे ठळक उदाहरण. त्यांनी ‘रंगभूमी’ मासिकही चालवले. नाट्येतिहासात अशा माणसांना फार थोडी जागा मिळते, हा अन्यायच आहे.

तालमीचा भार तालीममास्तरावर असे. गोविंद बल्लाळ देवल यांनी किर्लोस्कर मंडळीत उच्चार, हालचाल आणि पदातला भाव घासूनपुसून घेण्याचा जो दंडक घातला, तो पुढच्या पिढीतल्या नटांच्या अंगात मुरला. स्त्रीभूमिका पुरुषच करीत. त्यासाठी गोड गळ्याची मुले लहानपणीच घेतली जात. त्यांना गाणे आणि अक्षरओळख दोन्ही मंडळीतच मिळे. आवाज फुटला की मुलाचे आणि मंडळीचेही भवितव्य टांगणीला लागे. ज्याचा गळा पुन्हा बसला नाही, तो कपडेपटात किंवा पडद्याच्या दोरीशी उरे. अशा मुलांची नोंद कोणी ठेवली नाही.

साथीची बाजू नाजूक. पायपेटी म्हणजे ऑर्गन आल्यावर साऱ्यांना तिच्या सुराला जुळवून घ्यावे लागले, कारण तिची पट्टी बदलत नाही. तबल्याची पुडी मात्र हवेवर चालते. कोरड्या उन्हाळ्यात ती ताणून चढते आणि पावसाळी दमट हवेत उतरते. कनातींनी बंदिस्त केलेल्या थिएटरात दिव्यांची धग, दाटीवाटीची गर्दी आणि ‘वन्समोअर’मुळे पहाटेकडे सरकणारे प्रयोग अशा स्थितीत स्वर टिकवणे हे तबलजीचे रात्रभराचे कष्टाचे काम होते. गंधर्व मंडळीत तबल्यावर अहमदजान थिरकवा बसत. श्रोते नाटकाला येत तसे त्यांच्या ठेक्यालाही येत.

पडदे रंगवणे ही स्वतंत्र विद्या होती. कोल्हापूरचे आनंदराव आणि बाबूराव पेंटर यांनी अनेक मंडळ्यांचे पडदे रंगवले. ललितकलादर्शात पु. श्री. काळे यांनी रंगवलेल्या पडद्यांपुढे जाऊन ‘सत्तेचे गुलाम’साठी (१९२२) खऱ्या खोलीसारखे नेपथ्य उभे केले.

प्रयोग बुडवणे म्हणजे सबंध बिऱ्हाडाचा गल्ला बुडवणे. १२ मार्च १९११ रोजी ‘मानापमान’चा पहिला प्रयोग होता आणि त्याच दिवशी बालगंधर्वांची मुलगी वारली. तरीही त्यांनी नायिका भामिनी उभी केली. ही कथा कलानिष्ठेची म्हणून सांगितली जाते आणि ती तशी आहेच. पण त्या रात्रीच्या तिकिटांवर किती चुली अवलंबून होत्या, हेही त्यासोबत सांगायला हवे. ८ जुलै १९२१ रोजी टिळक स्वराज्य फंडासाठी मुंबईत झालेल्या संयुक्त ‘मानापमान’मध्ये केशवराव भोसले नायक धैर्यधर आणि बालगंधर्व भामिनी झाले. एरवी स्पर्धेत असलेल्या दोन मंडळ्यांचे नट आणि व्यवस्थापक त्या रात्री एकत्र राबले.

बोलपटाने मंडळ्या मारल्या असे म्हणतात. ते अर्धेच खरे. अत्तर, गालिचे, भरजरी साड्या यांचा हव्यास आणि रोजची पंगत यांनी कर्जाचे ओझे आधीच वाढवले होते. बोलपट आल्यावर गल्ला घटला, खर्च मात्र घटवता आला नाही. १९३०च्या दशकात बहुतेक बिऱ्हाडे उठली.

मंडळ्या उठल्या, तरी त्यांतल्या एकाचे नाव आज नाट्यगृहाला आहे. ठाण्यात टेंभी नाक्यापासून जवळच, मासुंदा तलावाच्या काठी, १९७८ पासून राम गणेश गडकरी रंगायतन आहे. गडकरी नाटककार म्हणून गाजण्यापूर्वी किर्लोस्कर मंडळीत मुलांना शिकवण्याचे आणि डोअरकीपरचे काम करीत, म्हणजे ते मूळचे पडद्यामागचेच. त्यांचा ‘एकच प्याला’ गंधर्व मंडळीने १९१९ मध्ये, त्यांच्या निधनानंतर रंगमंचावर आणला. ठाण्यात वास्तव्य केलेले पं. राम मराठे यांनी ‘मंदारमाला’तून (१९६३) संगीत नाटकाला नवा बहर आणला, तोवर कारभार पुरता बदलला होता. मुक्कामाची जागा ‘नाइट’ने घेतली. नट आणि साथीदार प्रयोगापुरते मानधन घेतात, नेपथ्य टेम्पोने येते, आणि खेळ संपला की पुढच्या नाटकासाठी रंगमंच रिकामा करून द्यावा लागतो. पंगत उरलेली नाही, आणि नव्या मुलाला पदे शिकवायला मंडळीतला कोणी तालीममास्तरही. ती शिकवणी आता गायकांच्या घरगुती वर्गांत होते. चाल तिथे नीट मिळते. पदाच्या शेवटी संवाद कसा उचलायचा, हे मात्र रंगमंचावर उभे राहूनच शिकावे लागते.