पंपाचा वेग निम्मा, वीज एक चतुर्थांश : एका नियमाचा इतिहास

संशोधनाचा विषय शोधताना आपण 'नवीन काय?' एवढंच विचारतो. पण कधी कधी उत्तर पाठ्यपुस्तकात आधीच असतं आणि खरा प्रश्न असा असतो की, मग ते वापरात का आलं नाही? अमेरिकेतल्या घरगुती स्विमिंग पूलच्या पंपांचा इतिहास हेच दाखवतो.

पूलचं पाणी स्वच्छ राहावं म्हणून पंप ते रोज काही तास फिल्टरमधून फिरवतो. जुने पंप एकाच वेगाने चालायचे, मिनिटाला साधारण ३४५० फेरे. आता सेंट्रिफ्यूगल पंपाचा नियम बघा. पाण्याचा प्रवाह वेगाच्या प्रमाणात बदलतो, पण लागणारी शक्ती वेगाच्या घनाच्या प्रमाणात.

समजा, पंप १६०० वॅट घेतो आणि ६ तास चालतो. झाले ९.६ युनिट. वेग निम्मा केला तर तेवढंच पाणी फिरवायला १२ तास लागतील, पण शक्ती एक अष्टमांश, म्हणजे २०० वॅट. एकूण २.४ युनिट! प्रत्यक्षात मोटरमध्येही वीज वाया जाते, त्यामुळे बचत इतकी होत नाही, तरी ती मोठीच असते.

मग अडलं कुठे? एक कारण तांत्रिक. साध्या इंडक्शन मोटरचा वेग विजेच्या वारंवारतेशी बांधलेला असतो. तो हवा तसा बदलायला इलेक्ट्रॉनिक ड्राइव्ह लागतो आणि पूर्वी तो महाग होता. दुसरं कारण माणसांचं. पंप बऱ्याचदा पूल बांधणारा निवडतो आणि बिल घरमालक भरतो. बांधणाऱ्याने महागडा पंप का घ्यावा?

ही गाठ नियमाने सुटली. १९७३ च्या तेलसंकटानंतर, १९७४ च्या कायद्याने कॅलिफोर्नियात ऊर्जा आयोग स्थापन झाला. आर्थर रोझेनफेल्ड हे एन्रिको फर्मींचे विद्यार्थी. त्याच संकटानंतर ते कणभौतिकीकडून ऊर्जाबचतीकडे वळले आणि २००० ते २०१० या काळात आयोगाचे सदस्य होते. २००८ पासून तिथे १ हॉर्सपॉवर किंवा त्याहून मोठ्या नव्या घरगुती फिल्टर पंपाला किमान दोन वेग असणं सक्तीचं झालं. १९ जुलै २०२१ पासून देशभर पंपांच्या कार्यक्षमतेचे किमान निकष लागू झाले.

दोन नियमांतला फरक लक्षात घ्या. पहिला पंप कसा असावा ते सांगतो. दुसरा ठरावीक विजेत किती पाणी फिरतं ते मोजतो आणि तंत्र उत्पादकावर सोडतो. तरीही मोठे पंप बनवणाऱ्यांना तो निकष गाठायला बदलत्या वेगाकडेच वळावं लागलं.

म्हणून आपला प्रस्ताव लिहिताना दोन गोष्टी स्पष्ट लिहा : आपण नेमकं काय मोजणार, आणि निर्णय घेणारा व खर्च सोसणारा एकच आहे का. घनाचा नियम कित्येक वर्षं पुस्तकात होताच. अडचण या दुसऱ्या प्रश्नात होती.