बिशप हिलचे माग

धर्मपंथांनी वसविलेल्या गावांचा इतिहास सांगताना बहुधा गुरूंचीच चरित्रे सांगितली जातात. श्रोतेहो, अशा एका गावाची हकीकत आज आपण मागावर बसलेल्या बायकांच्या बाजूने पाहू.

गावाचे नाव बिशप हिल. ते अमेरिकेच्या इलिनॉय राज्यात, शिकागोच्या पश्चिमेला दीडशेहून अधिक मैलांवर आहे. एरिक यान्सोन या स्वीडिश शेतकरी-उपदेशकाचे म्हणणे असे, की बायबलखेरीज दुसरा धर्मग्रंथ नको. १८४४ साली त्याच्या अनुयायांनी ल्यूथरच्या ग्रंथांची होळी केली. सरकार आणि धर्मपीठ पाठीशी लागले, तेव्हा १८४६ पासून शेकडो कुटुंबे घरेदारे विकून, पैसा एका सामाईक थैलीत टाकून निघाली. ज्यांच्यापाशी होते त्यांनी नसलेल्यांचे भाडे भरले. पहिला हिवाळा त्यांनी टेकडीच्या उतारात खोदलेल्या बिळांत काढला, आणि त्या एका हिवाळ्यात शंभराच्या आसपास माणसे दगावली.

अशा स्थितीत रोख पैसा कोठून यायचा? तो आला जवसातून. आपल्या विदर्भात जवस तेलासाठी पेरतात. या मंडळींना त्याचा धागा काढण्याची विद्या मायदेशाहून अवगत होती. रोप कापायचे नाही, मुळासकट उपटायचे. बी झाडून घ्यायचे, देठ ओलाव्यात कुजवायचे, वाळवायचे, कुटायचे आणि मग लोखंडी दातांच्या फणीतून विंचरायचे. तेव्हा कोठे कातण्याजोगा धागा हाती लागतो. कातणे-विणणे मुख्यत्वे बायकांकडे होते, कांड्या भरायला मुले असत. १८४७ साली त्यांनी १२,४७३ वार लिनन बाजारात विकले. १८५१ साली हा आकडा २८,३२२ वारांवर गेला. जाड बिछायतीचे ३,२३७ वार वेगळेच. हंगामात माग रात्रंदिवस, पाळ्यापाळ्यांनी चालत. रात्रपाळी म्हणजे काय हे आम्हां युनियनवाल्यांना कोणी सांगायला नको! पुढे पूर्वेकडच्या गिरण्यांचा माल आला आणि विक्रीचे विणकाम थांबले. हातमागाची ही कहाणी आपणांस परकी नाही.

आम्ही हे गाव पाहिले तेव्हा प्रथम १८४८ चे प्रार्थनामंदिर पाहिले. वर प्रार्थनेचे दालन, खालच्या दोन मजल्यांत वीस खोल्या, एकेका कुटुंबाला एकेक. मुंबईच्या चाळीत वाढलेल्या माणसाला येथे घरी आल्यासारखे वाटते. लहानपणी या वसाहतीत आलेल्या ओलोफ क्रान्सने उतारवयात आठवणीने रंगविलेली चित्रेही तेथे आहेत. एका चित्रात बायका दोरी धरून, ओळीने मका टोबत आहेत. गावात आजही माग चालतो, चिंध्यांच्या रंगीत पट्ट्यांचे गालिचे निघतात. विणणारीने धोटा टाकला की फणीचा तो ठोका ऐकून पेठेतली कोष्ट्यांची आळी आठवते.

पण खरी गोष्ट हिशेबाच्या वहीत आहे. १८४९ मध्ये पटकीने कहर केला. १८५० साली यान्सोनचा कौंटीच्या न्यायालयात गोळी घालून खून झाला. मारणाऱ्याची बायको वसाहत सोडायला तयार नव्हती, त्या भांडणातून हे घडले. १८५३ साली वसाहतीला कायदेशीर सनद मिळाली. सारी मालमत्ता सात विश्वस्तांच्या नावे झाली. त्यांची मुदत जवळजवळ तहहयात. काढून टाकण्याचा अधिकार बहुमताला, पण ते बहुमत पुरुष सभासदांचे. ज्यांच्या हातांनी वसाहतीचा पहिला रोख पैसा आला, त्यांना मत नव्हते. मत असणाऱ्यांनाही वेळेवर हिशेब कोठे मिळाला? रेल्वेच्या भरावाची कंत्राटे, बँकेचे व्यवहार यांत काही विश्वस्त खोल उतरले, आणि १८५७ च्या मंदीत सारे अंगाशी आले.

१८६१ च्या सुमारास वाटणी झाली. एक गोष्ट मात्र कबूल केली पाहिजे. पस्तीस वर्षे पूर्ण झालेल्या प्रत्येकाला, मग तो पुरुष असो वा स्त्री, पूर्ण हिस्सा मिळाला: बावीस एकर जमीन, जंगलाचा एक तुकडा, गावात एक जागा, शिवाय जनावरे-अवजारांत समान भाग. त्या काळच्या अमेरिकेत विणकरणीच्या नावावर बावीस एकर, हे थोडेथोडके नव्हते. पण जमिनीबरोबर कर्जही वाट्याला आले. ते फेडता फेडता सभासद थकले आणि १८६८ साली त्यांनी विश्वस्तांना कोर्टात खेचले. तो खटला १८७९ पर्यंत चालला.