छोट्या मोटारीची उंची आणि स्प्रिंगची निवड : जबलपूरच्या रस्त्यांचा हिशेब

जबलपूर : मोटारीची उंची तीस-चाळीस मिलिमीटरने कमी करणाऱ्या आखूड व ताठर स्प्रिंगा, ज्यांना बाजारात लोअरिंग स्प्रिंग म्हटले जाते, त्या आता हॅचबॅक वर्गातील छोट्या गाड्यांसाठीही मिळतात. गाडी ऐटदार दिसते, चाक आणि मडगार्ड यांच्यामधली पोकळी कमी होते आणि वळणावर गाडी कमी कलते, असा या स्प्रिंगांचा लौकिक आहे. पहिल्या दोन गोष्टी निर्विवाद खऱ्या आहेत. तिसरी मात्र अर्धीच खरी असून तिच्यासाठी मोजावी लागणारी किंमत स्प्रिंगच्या पावतीवर छापलेली नसते. जबलपूरसारख्या शहरात ही किंमत अधिकच वाढते.

वाहनांच्या बाबतीत जबलपूर हे अनभिज्ञ शहर नव्हे. येथील तोफगाडी कारखाना १९०४ सालचा, तर वाहन निर्माणी १९६९ सालची. सैन्यासाठी शक्तिमान ट्रक येथेच तयार झाले. जपानच्या निसान कंपनीच्या ‘पॅट्रोल’ या वाहनावर आधारलेल्या ‘जोंगा’ या गाडीचे तर नावच ‘जबलपूर ऑर्डनन्स अँड गनकॅरेज असेंब्ली’ या शब्दांच्या इंग्रजी आद्याक्षरांवरून पडले. तिचे उत्पादन १९९९ मध्ये थांबले. जोंगाच्या पुढच्या आणि मागच्या दोन्ही आसांना पाटे होते. पोलादी पट्ट्यांची ही कमान प्रवाशाच्या सुखासाठी नव्हे, तर भार वाहण्यासाठी व वाट नसलेल्या ठिकाणी टिकण्यासाठी असते. छोट्या कौटुंबिक मोटारीची रचना याच्या अगदी उलट आहे. तिची स्प्रिंग मऊ असते, वजन कमी असते आणि रिकाम्या व भरलेल्या गाडीच्या वजनातील तफावत मोठी असते. नऊशे किलोच्या गाडीत पाच माणसे आणि सामान भरले की वजन सुमारे चारशे किलोंनी वाढते. ट्रकच्या प्रमाणात सांगायचे तर ही लहान बाब नाही.

स्प्रिंगचे काम केवळ गाडी उचलून धरणे एवढेच नाही. खड्ड्याचा किंवा उंचवट्याचा धक्का बसताच चाक वर जाते आणि त्या हालचालीत धक्क्याची ऊर्जा स्प्रिंगमध्ये साठते. चाकाला वर जाण्यास जेवढी जागा उपलब्ध असते, तिला अभियंते बंप ट्रॅव्हल म्हणतात. ही जागा संपली की चाकाचा दांडा रबरी ठोकळ्यावर, म्हणजे बंप स्टॉपवर आदळतो आणि धक्का सरळ सांगाड्यात शिरतो. गाडी खाली आणल्याने नेमकी हीच जागा कमी होते.

एक काल्पनिक पण वास्तवाला धरून असलेले उदाहरण पाहू. पुढच्या एका चाकावर २५० किलो भार आहे, स्प्रिंगचा ताठरपणा मिलिमीटरला १८ न्यूटन आहे आणि चाकाला वर जाण्यास ८० मिलिमीटर जागा आहे. अशी गाडी सेकंदाला सुमारे १.३५ वेळा वरखाली डोलते. सर्वसाधारण प्रवाशाला हा डोल सुखद वाटतो. आता गाडी ३० मिलिमीटरने खाली आणली, तर जागा ५० मिलिमीटर उरते. साठणारी ऊर्जा अंतराच्या वर्गाच्या प्रमाणात बदलत असल्याने, पूर्वीइतकाच धक्का बंप स्टॉपला न लागता पचवायचा असेल तर स्प्रिंग अडीच पटींहून अधिक ताठर हवी. म्हणजे मिलिमीटरला सुमारे ४६ न्यूटन. एवढी ताठर स्प्रिंग कौटुंबिक गाडीत कोणी बसवत नाही आणि बसवली तर पाठ टिकणार नाही. वीस-पंचवीस टक्के अधिक ताठरपणा असलेली स्प्रिंग घेतली तरी हिशेबात तूट राहतेच. ही तूट खड्डा आला की बंप स्टॉप, शॉकअब्सॉर्बरचे वरचे माउंटिंग, टायर आणि चाकाची रिम भरून काढतात.

वळणावरील स्थैर्याचा दावाही तपासून घेण्यासारखा आहे. वळणावर आतल्या चाकांवरून बाहेरच्या चाकांवर सरकणारा भार गुरुत्वमध्याच्या उंचीच्या प्रमाणात असतो. छोट्या गाडीचा गुरुत्वमध्य जमिनीपासून साडेपाचशे मिलिमीटरवर धरला तर ३० मिलिमीटरच्या घटीने हा भार साडेपाच टक्क्यांच्या आसपास कमी होतो. लाभ आहे, पण माफक आहे. त्यातही एक अडचण आहे, जी विक्रेते क्वचितच सांगतात. भारतातील बहुतेक छोट्या मोटारींच्या पुढच्या चाकांना मॅकफर्सन स्ट्रट असतो. या रचनेत गाडी ज्या काल्पनिक बिंदूभोवती कलते, तो रोल सेंटर नावाचा बिंदू खालच्या आडव्या भुजेच्या कलावर ठरतो. गाडी खाली आली की ही भुजा आपला मूळ कल सोडते आणि रोल सेंटर गुरुत्वमध्यापेक्षा अधिक वेगाने खाली जातो. दोहोंमधले अंतर वाढल्याने गाडीला कलवणारा जोर वाढतो. परिणामी नव्या स्प्रिंगच्या वाढीव ताठरपणाचा काही भाग, गाडी खाली आणल्यानेच निर्माण झालेला दोष निस्तरण्यात खर्ची पडतो. गाडीचा मूळ आराखडा करणाऱ्यांनी उंची निवडताना हा विचार केलेला असतो.

आता रस्त्यांकडे वळू. जबलपूरच्या परिसरात दोन परस्परविरोधी भूमी एकमेकींना लागून आहेत. मदन महलच्या बाजूला ग्रॅनाइटचे खडक आहेत, तर पाटणकडे नर्मदा खोऱ्यातील काळी माती आहे. शेतात बांध घालून पावसाचे पाणी कोंडून ठेवण्याची ‘हवेली’ पद्धत याच चिकणमातीमुळे शक्य झाली. पाणी धरून ठेवणारी हीच माती ओली झाली की फुगते आणि वाळली की आकसते, म्हणून तिच्यावरील डांबरी रस्ता पावसाळ्यानंतर लाटांसारखा होतो. वर्षाला तेराशे मिलिमीटरच्या आसपास पडणारा पाऊस उरलेले काम करतो. दुसरीकडे, लखनादौन आणि सिवनीमार्गे नागपूरला जाणारा रस्ता चौपदरी व प्रशस्त आहे. येथील अनेक मराठी कुटुंबांची सणासुदीची वाट तीच. त्या महामार्गावर खाली आणलेली गाडी खरोखरच सुरेख चालते. पण गाडी वर्षातून चार-सहा वेळा नागपूरला जाते आणि उरलेले दिवस गल्लीबोळांत फिरते, हेही लक्षात घ्यावे लागते.

गतिरोधकांविषयी एक गैरसमज प्रचलित आहे. भारतीय रस्ते काँग्रेसच्या निकषानुसार गतिरोधक ३.७ मीटर रुंद, १० सेंटिमीटर उंच आणि १७ मीटर त्रिज्येचा, म्हणजे पसरट कमानीसारखा असावा. ताशी २५ किलोमीटर वेगाने तो सुखरूप ओलांडता येतो. मारुती स्विफ्टच्या पुढच्या व मागच्या चाकांतील अंतर २,४५० मिलिमीटर आहे. एवढ्या लांबीची गाडी अशा गतिरोधकाच्या मध्यभागी आली, तरी तिची चारही चाके उतारावर असल्याने दोन्ही आसांच्या मधोमध गतिरोधकाचा माथा चाकांच्या पातळीपेक्षा केवळ ४४ मिलिमीटर वर येतो. निकषानुसार बांधलेला गतिरोधक खाली आणलेल्या गाडीलाही अडवत नाही. अडवतो तो मोहल्ल्यातील हौशी गतिरोधक. तो अरुंद आणि खड्या काठाचा असतो, त्याची उंची त्या दिवशी शिल्लक राहिलेल्या सिमेंटवर ठरते, आणि अरुंद असल्याने त्याची संपूर्ण उंची गाडीच्या पोटाखाली येते. स्विफ्टचा ग्राउंड क्लिअरन्स १६३ मिलिमीटर आहे. अशा आकड्यातून स्प्रिंगचे ३० मिलिमीटर वजा करावे, मग पाच माणसांच्या भाराने गाडी जेवढी बसेल तेवढे वजा करावे. उरते ते शंभर मिलिमीटरच्या जवळ येऊन ठेपते. एक्झॉस्टचा पाइप आणि इंजिनाखालचे ऑइल चेंबर यांना पहिला मार बसतो.

याच्या दुसऱ्या टोकाचा उपायही शहरात सर्रास दिसतो, तो म्हणजे स्प्रिंगच्या वेढ्यांमध्ये रबर किंवा युरेथेनचे बफर अडकवून गाडी उंच करणे. बफर ज्या वेढ्यांना अडवतो ते काम करेनासे होतात आणि उरलेल्या वेढ्यांवर ताण वाढतो. सामान भरलेली गाडी मागे बसते म्हणून तात्पुरता इलाज करणे वेगळे. पण बसलेल्या, थकलेल्या स्प्रिंगवर बफर हा उपाय नसून झाकण आहे. स्प्रिंग थकली असेल तर त्या मॉडेलची मूळ क्रमांकाची नवी स्प्रिंग, आणि तीही जोडीने, बदलणे उचित.

सर्वांत घातक प्रकार मात्र स्प्रिंग कापण्याचा आहे. वर्तुळाकार स्प्रिंगचा ताठरपणा काम करणाऱ्या वेढ्यांच्या व्यस्त प्रमाणात असतो. सहा वेढ्यांपैकी एक कापला की ताठरपणा वीस टक्क्यांनी वाढतो. हे गणित पाहून काही कारागिरांना हा स्वस्त आणि शास्त्रीय मार्ग वाटतो. परंतु कापलेल्या टोकाला बैठक उरत नाही. चाक खड्ड्यात पूर्ण खाली लोंबले की आखूड स्प्रिंग सैल पडून जागेवरून सरकू शकते. गॅसच्या ज्योतीने स्प्रिंग तापवून बसवणे तर याहून वाईट. पोलादाला पाणी देऊन आणलेली लवचिकता तापवल्याबरोबर नष्ट होते आणि ती स्प्रिंग पुढे कधी तुटेल, हे कारागीरही सांगू शकत नाही. पैसे वाचवण्यासाठी या दोन मार्गांनी जाण्यापेक्षा गाडीला हात न लावणे केव्हाही श्रेयस्कर.

मग गाडी डोलते, वळणावर हेलकावते, अशी खरी तक्रार असेल तर आरंभ कोठून करावा? बहुतेक वेळा दोष स्प्रिंगचा नसून शॉकअब्सॉर्बरचा असतो. स्प्रिंग ऊर्जा साठवते. ती शोषून डोल थांबवण्याचे काम शॉकअब्सॉर्बरमधील तेल करते. गाडीचा एक कोपरा जोराने दाबून सोडला असता तो वर येऊन स्थिरावला पाहिजे. दोन-तीन वेळा डोलत राहिला, दांड्यावर तेलाचा ओलावा दिसला किंवा टायर ठिकठिकाणी खोलगट झिजला, तर शॉकअब्सॉर्बर बदलण्याची वेळ झाली आहे. त्याचबरोबर खालच्या भुजांचे बुश, बॉल जॉइंट, अँटी-रोल बारच्या लिंक आणि वरचे माउंटिंग तपासावे. साठ-सत्तर हजार किलोमीटर चाललेल्या गाडीत हे भाग नवे घातले की तिच्या मालकाला गाडीच बदलल्यासारखे वाटते. स्पोर्टी स्प्रिंगचा म्हणून सांगितला जाणारा अनुभव पुष्कळदा असा असतो. जुन्या, ढिल्या भागांशी नव्याची तुलना होते आणि श्रेय रंगीत स्प्रिंगला मिळते. सुटे भागही दुर्मीळ नाहीत. १९६१ पासून शॉकअब्सॉर्बर बनवणाऱ्या गॅब्रिएल इंडिया कंपनीचा एक कारखाना याच राज्यात, देवास येथे आहे.

एवढे करूनही ज्यांना गाडी खाली आणायचीच आहे, त्यांनी घट वीस मिलिमीटरच्या आत ठेवावी, त्या विशिष्ट मॉडेलसाठी बनवलेली स्प्रिंगच घ्यावी आणि तिच्याशी जुळणारे शॉकअब्सॉर्बर सोबत बदलावेत. स्प्रिंग पंचवीस टक्क्यांनी ताठर झाली आणि शॉकअब्सॉर्बर जुनाच राहिला, तर डोल शमवण्याची त्याची क्षमता तुलनेने सुमारे अकरा टक्क्यांनी घटते. गाडी ताठरही होते आणि उड्याही मारते.

कायद्याची बाजू दुर्लक्षिण्याजोगी नाही. मोटार वाहन अधिनियम, १९८८ च्या कलम ५२ नुसार नोंदणी प्रमाणपत्रातील तपशील निर्मात्याच्या मूळ तपशिलाशी विसंगत ठरेल असा बदल मालकाला करता येत नाही. वाहनाच्या मूलभूत वैशिष्ट्यात फरक पाडणारा रचनेतील बदल, अशी ‘बदला’ची व्याख्या त्याच कलमात आहे. केरळमधून आलेल्या एका प्रकरणात न्यायमूर्ती अरुण मिश्रा व न्यायमूर्ती विनीत सरन यांच्या सर्वोच्च न्यायालयातील खंडपीठाने ९ जानेवारी २०१९ रोजी या निर्बंधावर शिक्कामोर्तब केले. त्याच वर्षी झालेल्या दुरुस्तीने कलम १८२अ जोडले गेले. नियमबाह्य बदल करणाऱ्या मालकाला सहा महिन्यांपर्यंत कारावास, प्रत्येक बदलामागे ५,००० रुपये दंड किंवा दोन्ही शिक्षा होऊ शकतात. सुट्या भागांची जोडणीही त्यात येते. स्प्रिंगचा ताठरपणा किंवा गाडीचा ग्राउंड क्लिअरन्स नोंदणी प्रमाणपत्रावर छापलेला नसतो, म्हणून हा बदल कायद्याच्या कक्षेबाहेर आहे, असा युक्तिवाद केला जातो. त्यात तथ्यांश असला तरी अपघातानंतर हा युक्तिवाद करण्याची वेळ आली, तर समोर वाहतूक पोलीस नव्हे, विमा कंपनीचा सर्वेक्षक असतो. विमा कंपनीला न कळवलेला बदल हे नुकसानभरपाई रोखण्याचे आयते कारण ठरू शकते, आणि गाडी वॉरंटीत असेल तर त्या भागांची हमीही धोक्यात येते. जर्मनीत अशा स्प्रिंगांसोबत तांत्रिक तपासणीचा अहवाल मिळतो आणि बसवल्यावर अधिकृत तपासनीस त्याची नोंद करतो. आपल्याकडे मालकाने बाजारातून घेतलेल्या स्प्रिंगसाठी अशी रूढ पद्धत नाही, त्यामुळे जबाबदारी सर्वस्वी मालकाची राहते.

स्प्रिंग मूळची असो वा बदललेली, बसवल्यानंतरची कामे ठरलेली आहेत. गाडी सपाट जमिनीवर उभी करून चारही चाकांच्या मध्यापासून मडगार्डच्या कडेपर्यंतचे अंतर मोजून लिहून ठेवावे. डाव्या-उजव्या बाजूंत ठळक फरक असेल तर स्प्रिंग बैठकीत नीट बसलेली नसते. भुजांच्या बुशचे बोल्ट गाडी जॅकवर लटकलेली असताना न आवळता चाकांवर उभी असताना आवळावेत, अन्यथा रबर पिळून लवकर फाटते. त्यानंतर व्हील अलाइनमेंट करून घ्यावे व हेडलाइटचा झोत पुन्हा जुळवावा. नवी स्प्रिंग पहिल्या हजार किलोमीटरमध्ये काही मिलिमीटर बसते, म्हणून हीच मोजमापे व अलाइनमेंट तेवढ्या अंतरानंतर पुन्हा एकदा तपासावी.