अंबड तालुक्यातील शिकमी वहिवाट : आप्ताने जमीन सोडण्याचा प्रश्न
निजामी राजवटीत अंबड तालुका औरंगाबाद जिल्ह्यात होता. जालना जिल्हा 1981 मध्ये अस्तित्वात आला. हैदराबाद संस्थानात पट्टेदाराखाली जमीन कसणाऱ्यास शिकमी म्हणत. 1354 फसलीच्या असामी शिकमी कायद्याने त्याची दखल घेतली. 1950 च्या हैदराबाद कुळवहिवाट कायद्याने मात्र जमीनधारकाच्या कुटुंबातील व्यक्तीस कुळाच्या व्याख्येतून वगळले. त्यामुळे विभक्त चुलता किंवा मेव्हणा जमीन कसत असल्यास तो कुटुंबीय की कुळ, हा वाद केवळ भावकीचा राहिला नाही. कुळ ठरल्यास जमीन सोडताना लेखी राजीनामा देऊन तो तहसीलदारासमोर कबूल करणे आवश्यक होते. बैठकीत दिलेला तोंडी शब्द, कितीही प्रामाणिक असला तरी, पुरेसा नव्हता. राजीनामा सद्भावनेने दिला आहे, अशी तहसीलदाराची खात्री पटावी लागे. आणि आप्ताचा दबाव तर परक्याच्या दबावाहून ओळखण्यास कठीण.